रिले पास, फीडर नापास

संपादक महोदय,

मे महिन्यात वीज गेली की नागपूरकर आधी लाइनमनला शिव्या घालतो. मी ३१ वर्षं सबस्टेशनांत रिले, म्हणजे लाइनवर फॉल्ट (बिघाड) दिसला की ब्रेकरला वीज तोडायला सांगणारी यंत्रं, तपासण्यात घालवली, त्यामुळे माझा राग तपासणीच्या रीतीवरच निघतो.

रीत अशी: शटडाउन घ्यायचा, टेस्टिंग किट लावायचा, करंट हळूहळू वाढवत न्यायचा आणि रिलेने किती मिलिसेकंदांत ट्रिप, म्हणजे वीज तोडण्याचा हुकूम, दिला ते रजिस्टरात लिहायचं. रिले पास! माझ्याच सहीने पास झालेल्या एका फीडरवर, म्हणजे सबस्टेशनातून वस्तीला वीज नेणाऱ्या लाइनवर, एकदा भर दुपारी तीनदा पुरवठा दिला, तीनदा गेला. तासभर बंद राहिलेले एसी, फ्रिज, पंप सगळे एकदम उठत होते आणि रिलेला तो फॉल्ट वाटत होता. शेवटी अर्धी वस्ती आधी, अर्धी नंतर चालू केली. किटने हा प्रसंग रिलेला कधी दाखवलाच नव्हता.

३० जुलै २०१२ च्या पहाटे बीना-ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची लाइन अशीच ट्रिप झाली. लाइनवर फॉल्ट नव्हता. वाढलेला भार रिलेच्या झोन-३ ला, म्हणजे लांबच्या फॉल्टवर नजर ठेवणाऱ्या भागाला, दूरचा फॉल्ट भासला आणि उत्तर भारत अंधारात गेला. रिले बिघडला नव्हता, हीच तर गोम आहे.

यावर उपाय आहे. संगणकात ग्रिडचं मॉडेल दर ५० मायक्रोसेकंदांनी, म्हणजे ५० हर्ट्‌झच्या एका सायकलमध्ये ४०० वेळा, सोडवलं जातं. तेच व्होल्टेज-करंट अ‍ॅम्प्लिफायरमधून खऱ्या रिलेला मिळतात. रिलेने ट्रिप दिला की तो संगणकात परत जातो, मॉडेलमधला ब्रेकर उघडतो आणि पुढचा करंट त्याप्रमाणे बदलतो. किटमध्ये हे परत जाणंच नसतं.

आता गच्चीगच्चीवर सोलर चढतंय. फॉल्टच्या वेळी इन्व्हर्टर आपल्या क्षमतेपेक्षा जेमतेम थोडा जास्त करंट देतो, आणि आमचे जुने रिले तर मोठ्या करंटच्या भरवशावर बसलेले. शहरातले सोलरवाले फीडर उन्हाळ्याआधी असे तपासायला हवेत. बंगळूरच्या सीपीआरआय या केंद्रीय वीज संशोधन संस्थेकडे असा सिम्युलेटर आहे. त्याच संस्थेचं औष्णिक संशोधन केंद्र आपल्या कोराडीत आहे, म्हणजे ओळख काढायला लांब जायला नको. पण चाचणीला लाइनवरच्या माणसांना बसवा. कुठला फीडर किती वाजता रडतो, ते मॉडेल बनवणाऱ्या पोरांना कुठून ठाऊक असणार?

माझी जुनी रजिस्टरं अजून कपाटात आहेत. कोणी हे काम हाती घेणार असेल तर घेऊन येतो. अक्षर मात्र मलाच वाचून दाखवावं लागेल.

– एक निवृत्त टेस्टिंग इंजिनीअर, त्रिमूर्तीनगर, नागपूर