कोलोनहून, तुझ्या प्रश्नाचं उत्तर

प्रिय अविनाश,

तुझं पत्र मिळालं. बांधकामावरच्या बिहारी मजुरांवर लिहायचं आणि त्यासाठी स्वतःच मजूर बनून साइटवर राहायचं, असा बेत दिसतो; तो बरोबर आहे का, असं विचारलंस. वेष बदलून बातम्या काढणाऱ्या जर्मन पत्रकार ग्युंटर वालराफचा दाखला दिलास म्हणून सविस्तर लिहितो; तो आमच्या कोलोनचाच.

1983 मध्ये त्याने डोळ्यांत काळ्या लेन्स घातल्या, डोक्यावर काळ्या केसांचा टोप चढवला आणि 'अली' या तुर्की नावाने पेपरात जाहिरात दिली: परदेशी, धट्टाकट्टा, पडेल ते काम करेन, पगार कमी चालेल. ठेकेदारामार्फत ड्युसबुर्गच्या पोलाद कारखान्यात शिरला. तिथे विषारी धूळ उपसायची, तीही मास्कशिवाय, वर पाळीला जोडून पाळी. 1985 मध्ये पुस्तक आलं, लाखोंनी खपलं, ठेकेदारांच्या मागे चौकश्या लागल्या. छातीचं काम, वादच नाही. पण एक गोष्ट मला खुपते. 1961 च्या जर्मनी-तुर्कस्तान कामगार करारापासून तुर्की कामगार इथे हेच भोगत होते आणि सांगतही होते. लोकांना पटलं ते एका जर्मन माणसाने टोप घालून सांगितल्यावर!

आता कोलोनच्याच म्युलहाइम भागातली कॉइपश्ट्रासे बघ. तुर्की दुकानांची गल्ली. 9 जून 2004 ला एका सलूनसमोर कुणीतरी सायकल लावली. कॅरिअरवरच्या डब्यात बॉम्ब आणि शेकडो लांब खिळे. 22 जण जखमी. दुसऱ्याच दिवशी गृहमंत्री ओट्टो शिली म्हणाले की यामागे दहशतवाद दिसत नाही, गुन्हेगारी जगताचा हात दिसतो. झालं! पोलिसांनी जखमींनाच धारेवर धरलं. खंडणी कोण मागतं? वैर कुणाशी? 'हे नाझींचं काम आहे' असं गल्लीतले काहीजण म्हणत होते, पण बहुतेक पेपरांनी पोलिसांचीच री ओढली.

2000 ते 2006 मध्ये जर्मनीभर नऊ जणांचे एकाच पिस्तुलाने खून झाले होते, आठ तुर्की वंशाचे, एक ग्रीक. मे 2006 मध्ये त्यांच्या घरच्यांनी कासेलमध्ये मोर्चा काढला, 'दहावा बळी नको' म्हणत. पुढच्या वर्षी एका पोलीस महिलेचा दहावा बळी गेलाच. खून आणि कोलोनचा बॉम्ब एकाच नवनाझी टोळीचे, हे उजेडात यायला नोव्हेंबर 2011 उजाडला. अकरा वर्षं ही कुटुंबं शोकही करत होती आणि संशयितही होती. त्यांच्या घरी जाऊन बसायला कुठल्या वेषाची गरज होती, सांग!

आजही पेपरवाले कुणाकडे जातात बघ: फेब्रुवारी 2025 च्या निवडणुकीत एएफडी ही स्थलांतरितांविरोधी कडवी उजवी पार्टी 20.8 टक्के मतं घेऊन दुसरी आली, तेव्हापासून तर तिच्या नेत्यांच्या तोंडासमोरचे माईक हलत नाहीत.

म्हणून साइटवर जरूर जा, पण अविनाश म्हणूनच जा. मुकादमाने समोर आणून बसवलेल्या माणसावर विसंबू नकोस. भोजपुरी येणारं कुणीतरी सोबत घे, आणि रात्री स्वयंपाकाच्या वेळी जा, तेव्हा मुकादम नसतो. नावं मात्र विचारल्याशिवाय छापू नकोस, कामावरून काढतील. लेखाचा खर्डा झाला की पाठव. वहिनींना नमस्कार, चिंगीला गोड पापा.

तुझा,
श्रीकांत