शटर उघडं ठेव

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

रविवारी मी फोन आपटला नव्हता, रेंज गेली. तुझ्या आईला ते पटत नाही, तुला तरी पटावं.

पण बोललो त्यातला शब्द मागे घेत नाही. व्हिडिओत तुझ्यामागे गॅरेजचं शटर खाली होतं आणि होडीचं इंजिन चालू होतं. "बाबा, दोनच मिनिटं, बाहेर गारठा आहे," म्हणालास. पेट्रोलच्या इंजिनातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना रंग ना वास. आणि तुझ्या गॅरेजच्या डोक्यावर छकुलीची खोली. असो. हा विषय इथेच संपला.

आपल्या घरात कुणाच्या नावावर होडी झाली ती तुझ्याच. आजोबा खलाशी, मी तांडेल. दोघांचा जन्म दुसऱ्याच्या बोटीवर गेला. तू पाठवलेला नोंदणीच्या कागदाचा फोटो मी हर्णै बंदरावर सगळ्यांना दाखवला. एकाने विचारलं, मासळी किती मिळते? म्हटलं, धरतो आणि परत सोडून देतो. ते कुणालाच पटलं नाही. खरं सांगू, मलाही नाही.

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्याआधी होड्या वर ओढून शाकारायच्या. तिथे मिनेसोटात पाऊस परवडला म्हणायचं, बर्फ वाईट. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि भलंभलं धातू फोडतं. म्हणून इंजिन उभंच ठेव, आतलं पाणी पार निथळू दे. गिअरचं तेल काढून उजेडात बघ. दुधाळ दिसलं तर सील गेलं समज. तसंच राहिलं तर जानेवारीत खालचं केसिंग फुटेल. बुडाचं बूच काढ आणि ट्रेलरचं तोंड थोडं उंच कर. चाकांत नवं ग्रीस भर. रस्त्यावर तापलेलं चाक थंड तळ्यात उतरलं की बेअरिंग पाणी आत ओढतं. अॅक्सलखाली ठोकळे लाव, टायरवर पाच महिने भार नको.

पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर घातलंस ते बरोबर केलंस. ते पार आतवर पोचायला इंजिन दहाएक मिनिटं चालवावंच लागतं, पाण्याचा पाइप लावून. पण अंगणात! होडी ट्रेलरवरच आहे ना? मग बाहेर ढकलायला कितीसं लागतं?

बघ, आलोच पुन्हा तिथे. शिकवणी झाली, माफ कर. तू इंजिनिअर, मी बंदरावर शिकलेला.

पण नाखवाच्या ट्रॉलरवरचं तुला आठवत असेल. तू चौथीत होतास. आषाढातला पाऊस, वरून ताडपत्री घट्ट बांधलेली आणि खाली खलाशी पेट्रोलचा पंप लावून पाणी उपसत होता. मी हाक मारली, ओ आली नाही. वाकून बघतो तर शिडीच्या पायथ्याशी बसलेला, डोळे उघडे आणि हातात पान्हा तसाच. मी ताडपत्रीची दोरी कापत होतो, तू तेवढ्यात एका पायात चप्पल घालून चिखलातून पळालास आणि चार माणसं घेऊन आलास. तो वाचला तो तुझ्या पळण्याने. त्याच्या लेकीच्या लग्नात त्याने तुला आपल्या शेजारी जेवायला बसवलं होतं. तेव्हापासून पोरगा डोक्याने शांत म्हणून मी गावभर सांगत आलो. म्हणूनच रविवारी डोकं फिरलं.

पुढच्या रविवारी फोन करशील तो गॅरेजमधूनच कर, शटर वर असताना. गारठा वाजला तर आईचा स्वेटर घाल, रंग कसाही असो. छकुलीच्या खोलीबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का, तेही दाखव. बटण दाबून वाजवून दाखव.

तुझे,
बाबा

ता. क. सूनबाईला मी हे सगळं कालच फोनवर सांगितलंय. तिच्यावर चिडू नकोस.