सर, घोणीच्या पिल्लांसाठी तुमचे आभार

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानायला लागलो की तुम्ही विषय बदलता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

अंबाजोगाईत माझं पाण्याच्या मोटारी भरायचं, म्हणजे रिवाइंडिंगचं दुकान. गेल्या पावसाळ्यात एका शेतकऱ्याच्या स्टार्टरच्या पेटीतून जवळपास वीतभर घोण निघाली. दुकानातल्या पोरानं पाना उगारला, तेव्हा तुम्ही तुमच्या मोटारीची वाट बघत बाकावर बसला होतात. "थांब रे, मारू नको," म्हणालात, तिला बरणीत घेतलंत आणि मला पाय मोजायला लावलेत. शतपाद म्हणतात खरं, पण भरल्या जोड्या २१. कुठल्याही घोणीच्या जोड्या विषमच असतात, त्यामुळे बरोबर शंभर पाय कधी भरतच नाहीत, हे मला चाळिशीत कळलं. त्याच दिवशी मी तिला घरी नेली. जुनी माशांची काचपेटी, काळी माती, पालापाचोळा, वर एक कौल, झाकणाला चारी बाजूंनी क्लिपा. खायला झुरळं.

वैशाखात तिनं अंडी घातली. आनंदाच्या भरात मी कौल उचललं, टॉर्च मारला, घरच्यांना बोलावून दाखवलं. रात्री परत बघितलं तर ती स्वतःचंच अंडं खात होती. बघता बघता तीन गेली. माझे हातपाय गळाले. अकरा वाजता तुम्हाला फोन केला.

तुम्ही रागावला नाहीत. "ती वैरीण नाही," म्हणालात. "अंडी आता वाचत नाहीत असं तिला वाटलं की ती खाऊन टाकते. तू तिला तसं वाटू देऊ नको. कौल ठेव आणि बाजूला हो." सकाळी सातला तुम्ही दारात हजर. काचेला चारी बाजूंनी काळा कागद लावलात, बोटाएवढी फट सोडलीत. पेटी उचलून रांजणाशेजारी ओल्या गोणपाटावर ठेवलीत. घोणीच्या अंगातलं पाणी लवकर उडतं आणि आपल्याकडचं ऊन तर बेचाळीसच्या पुढं. माती ओली ठेवायला झाकण उघडायला नको म्हणून तुम्ही सलाईनची नळी कोपऱ्यातून आत सोडलीत. सुटं झुरळ आत टाकायचं नाही, हेही बजावलंत.

झाकण उघडायचं नाही, हेच मला सगळ्यात जड गेलं. दिवसभर बिघाड उघडून बघणारा माणूस मी.

तुम्ही दिलेलं भिंग आणि टॉर्चवर लाल कागद, एवढ्यावर त्या फटीतून जे दिसलं ते विसरणार नाही. ती पोटाशी वेटोळं करून पडलेली. अंडी ज्वारीच्या दाण्याएवढी, पिवळसर, आणि एकही मातीला टेकलेलं नाही. सगळी पायांच्या ओंजळीत उचलून धरलेली. एकेक फिरवून तोंडानं चाटायची. बुरशी धरू नये म्हणून हे चालतं, तिच्यापासून काढली तर अंडी सडतात, असं तुम्ही सांगितलंत. आधी चप्पल घेऊन धावणारी माझी आई त्या फटीतून बघून म्हणाली, "बाळंतीण हाय ती. उजेड नको दावू तिला." त्या दिवसापासून नळीतून पाणी सोडायचं काम आईनंच घेतलं.

जवळजवळ दोन महिने तिनं तोंडात काही घेतलं नाही. अंडी फुटून पांढरी, मऊ, हलताही न येणारी पिल्लं झाली, तरी वेटोळं सुटलं नाही. मृग बरसून गेल्यावर एका सकाळी पिल्लांना रंग आलेला दिसला. इवल्या अंगांना पाय सगळे, आईइतकेच. मी तुम्हाला फोन केला आणि बोलताच येईना. तुम्हीही थोडा वेळ गप्प होतात.

पुढं एकमेकांना खातील म्हणून औषधांच्या रिकाम्या डब्या गोळा करून तुम्हीच आणल्यात. २३ पिल्लं निघाली. ज्याच्या स्टार्टरमधून आई आली, त्याच शेतकऱ्याला विचारून बांधावरच्या दगडांखाली आपण ती सोडली. तुमचे गुडघे दुखत होते, तरी प्रत्येक दगड तुम्ही स्वतः परत जागेवर ठेवलात.

सर, त्या रात्री तुम्ही फोन उचलला नसता तर या २३ जणांतलं एकही नसतं. मनापासून आभार.

घोण बरी आहे, परवा झुरळ खाल्लं. तुमचं भिंग अजून माझ्याकडंच आहे. रविवारी आईला घेऊन येतो, तेव्हा आणून देतो.

आपला,
मोटारवाला