कडेचा फोटो पाठव

पुणे,
रविवार, सकाळचे सात

चि. सोन्यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू "आई, एक विचारू? हसणार नाहीस ना?" म्हणालास, तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. नोकरी गेली की काय, इथपर्यंत मी पोचले. आणि निघालं काय, तर क्रोशे! बाळासाठी ब्लँकेट आणि जमलंच तर सूनबाईला शाल. मी हसले नाही. बाबा हसले, पण पाच मिनिटांनी स्वतःच म्हणाले, "गणपतीची मखरं करायचा तो, त्याचा हात बसेल."

फोनवर नीट सांगता येत नाही म्हणून लिहून पाठवतेय. कागद जपून ठेव, मी पुन्हा लिहिणार नाही.

आधी तुझी तक्रार. पुस्तकात 'डबल क्रोशे' लिहिलंय, व्हिडिओतही 'डबल क्रोशे' म्हणतात, आणि दोन्हींचा तुकडा वेगळाच दिसतो. तू काही चुकत नाहीस. तू लीड्समध्ये राहतोस, पुस्तक तिथलं आणि व्हिडिओ अमेरिकेतला. ब्रिटनमध्ये ज्याला 'डबल क्रोशे' म्हणतात त्याला अमेरिकेत 'सिंगल' म्हणतात, आणि अमेरिकेतला 'डबल' तिकडे 'ट्रेबल' होतो. पॅटर्नमध्ये कुठेही 'सिंगल क्रोशे' दिसला की तो अमेरिकन समज, कारण हल्लीच्या ब्रिटिश नावांत 'सिंगल' नसतोच. त्यापेक्षा आजीचे शब्द धर. सुई घातली, दोरा ओढून आणला, सुईवर दोन वेढे झाले, दोन्ही एकदम काढले: मुका खांब. सुईवर आधी एक वेढा घेऊन मग सुई घातली, तीन वेढे झाले, दोन काढले, परत दोन काढले: खांब. हे दोन आणि साखळी, म्हणजे कुठेही सुई न घालता वेढ्यातून नुसता दोरा ओढायचा, एवढ्यावर माझी अर्धी हयात गेली.

तू पाठवलेला तो गोटे-गोटे उठलेला पॅटर्न तूर्तास बाजूला ठेव. एकेका गोट्याला पाच अर्धवट खांब एकत्र काढायचे, लोकर भसाभस संपते, आणि मागची बाजू अशी दिसते की ब्लँकेट कायम एकाच अंगाने पांघरावं लागतं. नवशिक्याला उठावाची वीण अवघड असते असं सगळ्यांना वाटतं. मला उलट वाटतं. साध्या सपाट विणीत एक टाका सैल पडला तरी डोळ्यात येतो, खडबडीत विणीत तो खपून जातो. फक्त उठाव कुठून आणायचा ते शहाणपणाने निवडायचं.

तुझ्यासाठी मी जी निवडलीय तिला तिकडे 'लेमन पील' म्हणतात. मला ती अनारशाच्या खसखशीच्या बाजूसारखी दिसते. एक मुका खांब, एक खांब, एक मुका, एक खांब, असं ओळभर. ओळ संपवून तुकडा पालटलास की मुक्यावर खांब आणि खांबावर मुका. बस. बुटक्याच्या डोक्यावर उंच आणि उंचाच्या डोक्यावर बुटका बसला की आपोआप दाणे उठतात. दोन्ही बाजू सारख्या दिसतात, भोकं पडत नाहीत. बाळासाठी मोठी जाळी मला पसंत नाही, बोटं अडकतात.

टाक्यांचा आकडा सम हवा. आधी वीस टाक्यांचा तुकडा विण, 5 मिलिमीटरच्या सुईने, आणि पट्टी लावून मोज. 10 सेंटिमीटरमध्ये समजा 14 टाके बसले, तर 75 सेंटिमीटर रुंदीला 105 येतात, म्हणजे 106 घ्यायचे. साखळ्या 107 घाल आणि सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब घे. साखळी सैल घाल, तुला घट्ट ओढायची सवय आहे, बुटाच्या नाड्यासुद्धा तू फास लावल्यासारख्या बांधायचास. घट्ट साखळीने खालची कड चुणीदार होते आणि मग कशानेच सरळ होत नाही.

आता माझं गुपित सांगते. तुझ्या वेळी मीही ब्लँकेट विणलं होतं, पिवळं. ताई शाळेतून येईपर्यंत आणि कुकरच्या शिट्ट्यांमध्ये. खाली 120 टाके होते. संपवलं तेव्हा वर 97. मधले 23 कुठे गेले ते मला आजतागायत माहीत नाही. म्हणजे माहीत आहे: दर दोन-चार ओळींनी कडेचा शेवटचा टाका मी सोडत होते. तो मागे वळून लपतो आणि ओळ संपल्यासारखी वाटते. आजीने ब्लँकेट पलंगावर पसरलं, चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "झबलं शिवतेस होय?" तू त्याच झबल्यात तीन वर्षं झोपलास, अरुंद बाजू नेहमी पायाकडे.

म्हणून तुला सांगते. पालटताना एकच साखळी घाल, ती मोजायची नाही. नव्या ओळीतला पहिला मुका खांब अगदी कडेवर, आत्ताच संपवलेल्या खांबाच्या डोक्यावर. आणि ओळीच्या शेवटी जो मुका खांब लपून बसतो त्यात सेफ्टीपिन लावून ठेव, म्हणजे त्यावर खांब घ्यायचा राहणार नाही. पहिल्या दहा ओळी प्रत्येक ओळ मोज. कंटाळा येईल. मोज.

लोकर गुळगुळीत आणि फिकी घे. काळ्या-निळ्यात टाका दिसत नाही आणि केसाळ लोकरीत उठाव बुडून जातो, सगळी मेहनत वाया. तिकडे 'डबल निटिंग' जाडीची मागितलीस तर मिळेल. साधारण 500 ग्रॅम धर. आणि सगळे गुंडे एकदम, एकाच लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले घे, वेष्टनावर लॉटचा आकडा असतो. मामीच्या शालीला मी तुळशीबागेतून पाच गुंडे आणले, कमी पडले म्हणून महिन्याने पुन्हा गेले. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली हिरवा तोच वाटला. घरी गॅलरीत उन्हात धरला तर एक कोथिंबीर आणि एक पालक. मामी मोठ्या मनाची, म्हणाली डिझाइन छान आहे.

वॅफल नावाची चौकोनी खळग्यांची वीण तू करायची म्हणतोस ते जमेल, पण दुसऱ्या खेपेला. त्यात खांबाच्या डोक्यात सुई न घालता खांबाच्या कमरेभोवती पुढून वळसा घालायचा असतो, त्यामुळे तो खांब पुढे उचलला जातो आणि मधे खोलगट चौकोन पडतात. ऊबदार होतं खरं, पण जड होतं आणि लोकर बरीच जास्त खातं. तोच वळसा चार खांबांना पुढून आणि चारांना मागून घातला की चटईची वीण होते. बाबांच्या खुर्चीवरची आहे ना, ती.

सूनबाईच्या शालीला मात्र यातलं काही नको. शाल अंगावर पडली पाहिजे, पाटासारखी उभी राहता कामा नये. तिथे मुका खांब, एक साखळी, एक टाका सोडून परत मुका खांब. पुढच्या ओळीत त्या साखळीखालच्या फटीत मुका खांब. तांदळाचे दाणे पसरल्यासारखी बारीक वीण येते आणि कापड लोंबतं. सुई एक आकडा मोठी घे.

धीर सुटला तर चौकोन विणून जोड. त्यात कमीपणा काही नाही. 2016 साली चेन्नईत बायकांनी मिळून 11,148.5 चौरस मीटरचं क्रोशे ब्लँकेट केलं, जगातलं सगळ्यात मोठं म्हणून नोंदलं गेलं, तेही चौकोन जोडूनच. आपल्या गोधड्या तरी काय आहेत!

आणि इस्त्री. इस्त्री नाही म्हणजे नाही. आजीच्या पंचाहत्तरीला चटईच्या विणीची शाल केली होती, फणसाच्या सालीसारखी उठावदार. पिशवीत घालण्याआधी मला दुर्बुद्धी सुचली, उलट्या बाजूने इस्त्री फिरवली. ॲक्रिलिक लोकर गरम झाली की मान टाकते. हाताखाली ती शाल पोळपाटावरच्या पापडासारखी सपाट झालेली मला कळली, बघायच्या आधीच कळली. थोडी चकाकायलाही लागली होती. धुतली, झटकली, काही उपयोग नाही. तू कर काय, तर ओलं करून जाड टॉवेलवर हाताने सारखं पसर, कडा टाचण्यांनी धर आणि वाळू दे. तुमच्याकडे दोन दिवस लागतील, लागू देत.

आजीची दोन नंबरची स्टीलची सुई तू मागितलीस, ती पाठवत नाहीये. ती पांढऱ्या दोऱ्याच्या तोरणाची आणि रुमालांची, लोकरीला उपयोगाची नाही. तिथे अ‍ॅल्युमिनियमची घे, अंगठ्याला चपटी जागा असलेली. पिवळं ब्लँकेट मात्र ताईबरोबर पाठवते. त्यातली कड बघ, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

सूनबाईला लोणचं कमी खायला सांग, आणि जिना जपून.

दहा ओळी झाल्या की व्हॉट्सॲपवर फोटो पाठव. मधला नको, मधलं सगळ्यांचंच चांगलं येतं. दोन्ही कडांचा पाठव.

तुझी,
आई