गड्ड्याच्या जत्रेच्या वेळी भेटलेल्या ताई अन मामा, मनापासून आभार

जानेवारीत सिद्धरामेश्वराच्या दर्शनाला सोलापुरात आलो, गड्ड्याच्या गर्दीत पिशवी गेली आणि त्यातच माझी एचआयव्हीच्या गोळ्यांची बाटली. रोज रात्री एक, चुकवून चालत नाही, घरी एकही शिल्लक नव्हती. रिक्षावाले मामा काही न विचारता एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथं, घेऊन गेले, तिथल्या ताई कुलूप लावत होत्या, त्यांनी परत उघडलं, कार्ड बघून गोळ्या दिल्या, बाटली पेपरात गुंडाळली आणि म्हणाल्या, "दादा, आधी बसा, पाणी प्या." मग डब्यातली कडक भाकरी अन शेंगाचटणी पुढं केली, माझ्याच हातातल्या भाकरीचा तुकडा मोडून स्वतः खाल्ला. आमचं नाव गुप्त ठेवायचं २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात आहे, पण अशी भाकरी वाटून खायचं कुठं लिहिलंय हो? घरच्यांनी माझं ताट अजून वेगळं ठेवलंय. मामांनी परतीचे पैसे घेतले नाहीत. रात्री गोळी वेळेवर घेतली.