कोडॅक झोपली नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिजिटल आले तेव्हा फिल्म बनवणारी कोडॅक कंपनी झोपून राहिली, हे सरधोपट विधान अर्धवट आहे. 1975 मध्ये हातात धरता येणारा डिजिटल कॅमेरा कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन यांनी बनवला. 100 बाय 100 बिंदूंचे चित्र कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागत. अडले ते हिशेबात. कॅमेरा एकदाच विकला जातो. रोल, रसायने, कागद वर्षानुवर्षे खपतात. ही कमाई स्वतःच्या हाताने कोण बुडवेल? 2012 मध्ये दिवाळखोरी आलीच.

कॅमेरेवाल्यांचे दुखणे निराळे. फिल्मवर प्रकाश तिरपा पडला तरी चालते. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरला तो बराचसा सरळ लागतो, नाहीतर कडा काळवंडतात. शिवाय फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरवर 28 मिमी लेन्स 42 मिमीइतकेच अरुंद दृश्य टिपते, म्हणजे रुंद दृश्य घेणाऱ्या वाइड लेन्स नव्याने घडवणे आले. कोनिका मिनोल्टाने 2006 मध्ये हा धंदाच सोडला. निकॉनने लेन्स जोडायचा 1959 चा एफ माउंट टिकवला, म्हणून जुने गिऱ्हाईक टिकले.

नागपूरच्या सीताबर्डीत जुनी निकॉन लेन्स घेणाऱ्यांनी मात्र जपावे. आत टॉर्च मारून बुरशी बघा. 1977 पूर्वीची, अ‍ॅपर्चरची (प्रकाशाचे छिद्र लहानमोठे करणारी) रिंग न बदललेली लेन्स निकॉनच्या बऱ्याच डिजिटल कॅमेऱ्यांवर रेटून बसवली, तर माउंटच्या कडेची खिटी मोडते.

– एक कॅमेरा कारागीर, नागपूर