सायटेशन किती ते छापलंत, कशाचे ते पण छापा

मा. संपादक,
स.न.

मागे तुमच्या वर्तमानपत्रात त्या 'टॉप 2 टक्के शास्त्रज्ञ' यादीची बातमी आली होती, सायटेशनवरून (म्हणजे इतर संशोधक आपल्या लेखनात तुमच्या कामाचा संदर्भ किती वेळा देतात त्यावरून) काढतात ती. मेंदूवर संशोधन करणारे प्राध्यापक, शाल-श्रीफळाचा फोटो, सायटेशन इतके, एच-इंडेक्स (त्याच सायटेशनवरून काढलेला आकडा) इतका, सगळं होतं. दोनदा वाचली, पण सर मेंदूतलं नेमकं काय शोधतात ते कुठे सापडेना. सरांचं अभिनंदन आहेच, त्यांच्याबद्दल तक्रार नाहीये, बातमीबद्दल आहे.

मला एकदम ऑलिव्हर लौरी आठवले. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण बायोकेमिस्ट्री केलेल्या कुणालाही विचारा, लगेच 'लौरी मेथड' म्हणेल. हे अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत फार्माकॉलॉजीचे (औषधशास्त्राचे) हेड होते. 1951 ला त्यांनी आणि तीन सहकाऱ्यांनी प्रोटीन मोजायची पद्धत छापली आणि 2014 मध्ये नेचर या विज्ञान साप्ताहिकाने आजवरच्या सगळ्यात जास्त सायटेशनवाल्या 100 पेपरांची (शोधनिबंधांची) यादी काढली त्यात हाच पहिला, 3 लाखांच्या वर! शंभराव्या नंबरचा पेपर 12 हजारांच्या आसपास होता, यावरून काय ते समजा.

गंमत म्हणजे या पेपरात मेंदूचा विषयच नाही, आणि लौरींचा सगळा जीव मेंदूत अडकलेला. ते न्यूरोकेमिस्ट, म्हणजे मेंदूतल्या रसायनांचा अभ्यास करणारे. त्यांनी क्वार्ट्झच्या अतिशय बारीक धाग्याचा तराजू केला, धाग्याचं एक टोक पक्कं, दुसऱ्या टोकावर नमुना ठेवायचा आणि धागा किती वाकला ते मायक्रोस्कोपमधून बघून वजन काढायचं. गोठवून वाळवलेल्या ऊतीच्या चकतीतून एकेक चेतापेशी सुटी करायची, तिचं वजन करायचं आणि तिच्यातलं एन्झाइम मोजायचं. एका पेशीचं वजन, विचार करा! पुढे 1964 मध्ये त्यांच्या टीमने रक्तपुरवठा तुटल्यावर उंदराच्या मेंदूतलं एटीपी (पेशीचं इंधन) किती झपाट्याने उतरतं ते मोजून दाखवलं. स्ट्रोकमध्ये मेंदूचं काय होतं हे समजायला असलंच काम लागतं, पण 3 लाखांचा आकडा त्याचा नाही.

मग आकडा कसा आला? तर प्रोटीन सगळ्यांनाच मोजावं लागतं. दूधवाल्याला, कॅन्सरवाल्याला, बियाणंवाल्याला, प्रत्येकाच्या पेपरात एक ओळ ठरलेली, 'प्रोटीन लौरीच्या पद्धतीने मोजले', झालं, एक सायटेशन. मी पण एमएस्सीला मोड आलेल्या मुगावर काम केलं तेव्हा हा रेफरन्स गाईडच्या जुन्या थिसिसमधून जसाच्या तसा उतरवला, मूळ पेपर उघडून बघितला नव्हता (एमएस्सीच्या थिसिसमधला माझा तो रेफरन्स अर्थात कुठल्या मोजणीत आला नसणार). नंतर इतकी वर्षं पोरांना तेच शिकवलं. आधी कॉपरवालं द्रावण घाल, दहा मिनिटं थांब, मग फॉलिन (रंग आणणारं रसायन) टाकलं की त्याच क्षणी ट्यूब हलव, गप्पा मारत बसलास की रीडिंग गेलं. कारण अल्कलीत फॉलिन फार वेळ टिकत नाही. अर्ध्या तासाने निळा रंग चढतो, जितकं प्रोटीन तितका गडद, मग 660 नॅनोमीटरला कलरीमीटरवर (रंगाचा गडदपणा मोजणाऱ्या यंत्रावर) रीडिंग. रॅकमध्ये फिकट ते गडद अशा ओळीने लावलेल्या त्या ट्यूबा अजून डोळ्यासमोर आहेत.

स्वतः लौरींनीच 1977 मध्ये लिहून ठेवलंय की हा काही महान पेपर नाही हे मला माहितेय, पण लोकांचा प्रतिसाद बघून मनातल्या मनात मजा वाटते. बाकी तिघं, रोझब्रो, फार आणि रँडॉल, ते 'एट अल' (म्हणजे 'आणि इतर') मध्ये गेले, मलाही त्यांची नावं खूप उशिरा कळली. 1976 मध्ये ब्रॅडफोर्डची सोपी पद्धत आली आणि तो पेपर त्याच यादीत तिसऱ्या नंबरवर जाऊन बसला, तोही प्रोटीन मोजायचाच!

आकडे छापू नका असं म्हणत नाही. पण पुढच्या वेळी सरांना एवढं विचारा की तुमचा सगळ्यात जास्त सायटेशनवाला पेपर कोणता, आणि तुमचा स्वतःचा आवडता कोणता. दोन ओळी जास्त लागतील, शालीचा फोटो थोडा बारीक केलात तर जागा होईल.

आपली,
बायोकेमिस्ट्रीची एक निवृत्त शिक्षिका, कराड